ग्रंथपालाचा तास वेळापत्रकात का नाही?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. उत्तर नागपुरात आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका चालते. एका रविवारी तिथे बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी वही बंद करून नुसती बसून होती. विचारलं तर आधी काही बोलेना. मग बॅगेतून असाइनमेंट काढून तिने आमच्यापुढे सरकवली. विषय होता सिकलसेलच्या रुग्णाची शुश्रूषा. वर लाल शाईत शेरा होता, 'कॉपी-पेस्ट. संदर्भ बोगस. पुन्हा लिहा.'

या पोरीला सिकलसेल पुस्तकातून कळलेला नाही. तिचा मामेभाऊच सिकलसेलचा रुग्ण आहे. दुखणं उठलं की तो रात्र रात्र कसा कण्हतो, त्याला पाणी किती पाजायचं, अंग गरम कसं ठेवायचं, घरी थांबायचं की ऑटो करून मेडिकलला न्यायचं, हे तिला दहावीत असल्यापासून ठाऊक. आणि नेमक्या त्याच विषयाचा कागद लाल होऊन परत आला.

आमची पहिली प्रतिक्रिया काय झाली असेल ते तुम्ही ओळखलं असेल. आम्ही विचारलं, "मॅडमचं आडनाव काय?" एकाने तर निवेदन लिहायला कागदही घेतला. बरं झालं, त्याआधी आम्ही असाइनमेंट वाचली. दोन पानं औषधं विकणाऱ्या एका संकेतस्थळावरून जशीच्या तशी उचललेली. शेवटी पाच संदर्भ, ते चॅटजीपीटीने दिलेले. आम्ही एकेक शोधत बसलो. पाचपैकी तीन लेख जगात कुठेच नव्हते. नियतकालिकाचं नाव खरं, लेखकांची नावं खरी वाटतील अशी, पान क्रमांकसुद्धा दिलेले, पण असा लेख कुणी कधी लिहिलेलाच नाही. मॅडमचा शेरा बरोबर होता. हे लिहायला आम्हाला जड जातं, पण तो बरोबर होता.

मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला. वर्गात चांगली असाइनमेंट कुणाची झाली? तिने एका मैत्रिणीचं नाव घेतलं. तिचा भाऊ एम.डी. करतोय. त्याने एका संध्याकाळी बहिणीला शेजारी बसवून पबमेड उघडून दाखवलं, लेख कसा शोधायचा, कसा वाचायचा, संदर्भ कसा लिहायचा ते सांगितलं. यात चोरी नाही की लबाडी नाही. भावाने बहिणीला शिकवलं, एवढंच. त्या मुलीबद्दल आमच्या मनात आकस नाही. आमचा प्रश्न तिच्या भावाला नाहीच, कॉलेजला आहे. जी गोष्ट तीन वर्षांत कॉलेजने एकाही मुलीला शिकवली नाही, त्या गोष्टीवर कॉलेजने गुण कसे कापले? जे अभ्यासक्रमात नाही ते घरातून मिळतं, आणि ज्याच्या घरात ते नाही त्याला ते मिळत नाही. विद्या घराण्यातून कशी जाते आणि घराण्याबाहेर कशी जात नाही, याचा दोन हजार वर्षांचा अनुभव आपल्या समाजाच्या गाठीशी आहे.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिच्यासोबत कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. तिथल्या ग्रंथपाल ताई पन्नाशीच्या, ग्रंथालयशास्त्रात एम.लिब. झालेल्या. त्यांनी तिची असाइनमेंट बघितली, पण रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझा प्रश्न काय आहे ते मला एका वाक्यात सांग." तिला सांगता येईना. तेव्हा ताईंनी एका कागदावर चार चौकोन काढले. रुग्ण कोण? त्याच्यासाठी आपण काय करणार? कशाच्या तुलनेत? आणि त्यातून काय व्हावं अशी अपेक्षा आहे? मुलीने भरलं : सहा ते बारा वर्षांची सिकलसेलची मुलं, घरच्यांना दिलेलं शुश्रूषेचं शिक्षण, असं शिक्षण न मिळालेली कुटुंबं, आणि दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी येणं. या चार चौकोनांना जगभर पिको म्हणतात. नावापेक्षा काम महत्त्वाचं. "सिकलसेलवर माहिती पाहिजे" इथून ती पोरगी दहा मिनिटांत एका खऱ्या प्रश्नापर्यंत आली.

मग शब्द. ताई म्हणाल्या, एकाच आजाराला लेखक वेगवेगळी नावं देतात. कुणी सिकल सेल डिसीज लिहितो, कुणी सिकल सेल ॲनिमिया, कुणी हिमोग्लोबिन एस. ती सगळी 'ऑर'ने जोडायची, म्हणजे यातलं कुठलंही असलं तरी चालेल. जागेचंही तसंच, इंडिया, महाराष्ट्र, विदर्भ, नागपूर. आणि मग हे दोन गठ्ठे 'ॲण्ड'ने बांधायचे, म्हणजे दोन्हीकडचं काहीतरी हवंच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने विषयांच्या ठरीव नावांची एक मोठी यादी केलेली आहे, तिला मेश म्हणतात, तीही त्यांनी उघडून दाखवली. यादी खाली सरकू लागली तसं त्यात नागपूरच्या डॉक्टरांचे लेख दिसायला लागले. पोरगी ओरडलीच, "हे तर आपल्या मेडिकलचं आहे!" भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो, असं पुष्कळ ठिकाणी सरसकट लिहिलेलं सापडतं. नागपुरात मुलांवर झालेल्या अभ्यासांनी ते इतकं सरसकट म्हणता येत नाही हे दाखवलंय. तिच्या मामेभावाचं कण्हणं ज्या कागदावर नोंदलं गेलंय तो कागद तिच्या घरापासून काही किलोमीटरवर तयार झाला होता, आणि तो शोधायचा कसा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एवढं सगळं व्हायला लागली चाळीस मिनिटं.

आम्ही ताईंना विचारलं, हे तुम्ही वर्गात का शिकवत नाही? त्या हसल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आठवड्याला एक तास मागितला होता. उत्तर मिळालं, "तुमचं काम पुस्तकं देणं-घेणं, शिकवायला आमचे प्राध्यापक आहेत." त्यांच्या वाट्याला प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यातला एक तास येतो. ओरिएंटेशन. त्यात कार्ड कसं मिळतं, उशिरा पुस्तक दिलं तर दंड किती, मोबाइल बंद ठेवा. संपलं.

मित्रांनो, आमचं म्हणणं सरळ आहे. नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, आयुर्वेद, वैद्यक, जिथे जिथे आपली मुलं आरोग्य विज्ञान शिकतात तिथे माहिती शोधणं आणि तपासणं हा श्रेयांक असलेला विषय झाला पाहिजे, आणि तो ग्रंथपालाने शिकवला पाहिजे. कार्यशाळा नको, पाहुण्याचं भाषण नको. श्रेयांक, म्हणजे आपली मुलं ज्याला क्रेडिट म्हणतात तेच.

श्रेयांकावरच आम्ही एवढा जोर का देतो? श्रेयांक असला की तास वेळापत्रकात लिहिला जातो. हजेरी लागते. शिकवणारा कोण हे कागदावर येतं. गुण निकालात धरले जातात. आणि तास झाला नाही तर मुलगी विद्यापीठाकडे तक्रार करू शकते. ग्रंथपाल ताई आज जे करतात ती त्यांची माणुसकी आहे. उद्या त्या निवृत्त झाल्या, किंवा त्या दिवशी त्यांच्या टेबलापाशी जायची एखाद्या मुलीची हिंमत झाली नाही, की विषय संपला. आणि टेबलापाशी जायची हिंमत कुणाची होते? २००७ साली थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांशी बोलून अहवाल दिला. त्यातल्या ६९ टक्के विद्यार्थ्यांनी शिक्षकांकडून पुरेसा आधार मिळत नाही असं सांगितलं होतं. ज्या मुलाला स्वतःचे शिक्षकच जवळ करत नाहीत तो 'मला शोधता येत नाही' हे कबूल करायला कुणाच्या दारात जाईल? दार ठोठवायची गरज पडू नये म्हणून तर वेळापत्रक असतं. आपल्याला मेहेरबानी नको, हक्क पाहिजे, हे वाक्य आपण शिष्यवृत्तीबद्दल म्हणतो, वसतिगृहाबद्दल म्हणतो. शोधण्याच्या विद्येबद्दल का म्हणत नाही?

आता बाहेर काय चाललंय ते बघू. परदेशातलं उदाहरण दिलं की काही जण 'तिकडचं इकडे कशाला' म्हणतात. बाबासाहेब कोलंबियात शिकून आले, तेव्हा आपण तरी हा आक्षेप घेऊ नये. १९७१ साली अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतल्या वैद्यकीय महाविद्यालयात गर्ट्रूड लॅम्ब या ग्रंथपाल बाईंनी ग्रंथपालांना डॉक्टरांबरोबर वॉर्डातल्या राउंडला पाठवायला सुरुवात केली. रुग्णाच्या खाटेशी प्रश्न निघाला की ग्रंथपाल तो टिपून घेणार आणि त्यावरचं वाचन आणून देणार. पुढे १९९० च्या दशकात कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून पुराव्यावर आधारित वैद्यकाची लाट आली. मोठ्या डॉक्टरने सांगितलं म्हणून नाही, पुरावा काय सांगतो ते बघून उपचार करा, असं ती म्हणत होती. (कालामांना तथागतांनी काय सांगितलं ते आठवा. पण ते असो.) त्या कामात ॲन मॅककिबन यांच्यासारख्या ग्रंथपालही होत्या. पुरावा बघा म्हटलं की तो आधी शोधावा लागतो, आणि शोधणं हा ग्रंथपालाचा धंदा आहे. तिथून अमेरिका-कॅनडातल्या कितीतरी विद्यापीठांत ग्रंथपाल नर्सिंग, फार्मसी, वैद्यक, सार्वजनिक आरोग्य या विद्यार्थ्यांना शिकवायला लागले. बहुतेक ठिकाणी प्राध्यापकाच्या वर्गात एक तास पाहुणे म्हणून जाणं, त्याला तिकडे 'वन-शॉट' म्हणतात. काही ठिकाणी मात्र ग्रंथपालाला अध्यापकाचा दर्जा आहे आणि एक-दोन श्रेयांकांचा पूर्ण विषय तो स्वतः चालवतो. तिकडेही हे सुखासुखी मिळालेलं नाही. एका तासात काय शिकवणार, ही तक्रार तिकडचे ग्रंथपाल वर्षानुवर्षं करत आले आहेत.

न शिकण्याची किंमत किती असते त्याचं एक उदाहरण अमेरिकेतलंच आहे, आणि ते जगातल्या नामांकित संस्थेतलं आहे. २००१ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावरचं एक संशोधन चाललं होतं. त्यात २४ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेविकेला हेक्झामेथोनियम नावाचं औषध श्वासावाटे दिलं गेलं. तिची फुप्फुसं निकामी झाली आणि २ जूनला ती गेली. संशोधकाने आधी शोध घेतला नव्हता असं नाही. पबमेड बघितलं होतं, पाठ्यपुस्तकं बघितली होती. पण त्या वेळी पबमेडमध्ये १९६६ च्या आधीचं साहित्य मिळत नव्हतं, आणि या औषधाने फुप्फुसांना इजा होते हे सांगणारे लेख होते १९५० च्या दशकातले. ते कपाटात छापील पडून होते. कुठल्या साधनाची हद्द कुठे संपते, हे ज्याला माहीत असतं त्याला ग्रंथपाल म्हणतात. सरकारने जुलैत त्या विद्यापीठाचं केंद्राच्या पैशावर चालणारं माणसांवरचं जवळजवळ सगळं संशोधन थांबवलं. त्या मुलीला त्याचा काय उपयोग?

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे. कोरोनात आशा ताई बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेऊन वस्तीत फिरत होत्या, आठवतं? त्या आकड्यावर कुणाला घरी ठेवायचं नि कुणाला बेड शोधायचा हे ठरत होतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं, की यंत्र ऑक्सिजन ठीक सांगतंय पण रक्तात तो खरं तर कमी आहे, असं काळ्या रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं. जगभर बातम्या झाल्या. पण गडद त्वचेवर हे यंत्र चुकतं हे कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात १९९० सालीच छापून आलं होतं. तीस वर्षं तो लेख होता, वाचणारे नव्हते. उन्हात राबून काळवंडलेल्या आमच्या माणसांच्या बोटावर ते यंत्र काय सांगत होतं हा प्रश्न विचारायला तरी त्या लेखाचा पत्ता माहीत असावा लागतो.

यावर पहिला आक्षेप येतो, ग्रंथपाल डॉक्टर नाही, नर्स नाही, तो काय शिकवणार? बरोबर, त्याने इंजेक्शन शिकवू नये. पण नर्सिंगला समाजशास्त्र शिकवतात, इंग्रजी शिकवतात, मानसशास्त्र शिकवतात. आम्ही स्वतः समाजशास्त्रात एम.ए. केलंय, आम्हाला साधं सलाइन लावता येत नाही, तरी समाजशास्त्राचा तास लागतोच ना? उलट विषयाच्या प्राध्यापकांपैकी किती जणांना स्वतःला नीट शोध घेता येतो, हा प्रश्न आम्ही इथे सोडून देतो, नाहीतर लेख भलतीकडे जाईल.

दुसरा आक्षेप, अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे. हा खरा आहे. सकाळी सातला वॉर्ड, दुपारी लेक्चर, रात्री केस-बुक. म्हणून तर आम्ही नवा पेपर मागत नाही, असलेल्या जागेत शिरायचं म्हणतो. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये राजपत्रात आणलेला बी.एस्सी. नर्सिंगचा नवा अभ्यासक्रम सत्रांचा आणि श्रेयांकांचा आहे. त्यात आरोग्य माहितीशास्त्र आणि तंत्रज्ञान हा विषय आहे. शेवटच्या वर्षाला नर्सिंग संशोधन आणि संख्याशास्त्र आहे. आणि एकेका श्रेयांकाचे ऐच्छिक विषय आहेत, त्यात वैज्ञानिक लेखन कौशल्य हा एक आहे. एक श्रेयांक म्हणजे ढोबळमानाने पंधरा ते वीस तास. कागदावर दार उघडंच आहे. आपल्या कॉलेजात हा ऐच्छिक विषय देतात का, देत असतील तर कोण शिकवतं, ग्रंथपालाला विचारलं होतं का, हे तीन प्रश्न तुम्ही उद्याच विचारू शकता. बऱ्याच ठिकाणी उत्तर असं येईल, की सगळ्यांना एकच ऐच्छिक घ्यायला लावतात, ज्याला शिक्षक सोयीचा पडतो तो.

पीएच.डी.वाल्यांचं बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या अखेरीस संशोधन आणि प्रकाशन नैतिकतेचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा विषय पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना सक्तीचा केला. त्यात बोगस नियतकालिकं ओळखणं आहे, माहितीचे साठे कसे वापरायचे ते आहे. म्हणजे ही विद्या श्रेयांकाच्या लायकीची आहे हे सरकारला मान्य आहे. पण ती मिळते कधी? पीएच.डी.ला पोहोचल्यावर. आपल्यातली किती पोरं तिथवर जातात? जी नर्स उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटी रात्रपाळी करणार आहे तिला ती नको?

आणखी एक म्हणतात, आता सगळं ऑनलाइन फुकट आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. चांगली गोष्ट आहे. पण ती सरकारी संस्थांपुरती आहे, आणि आपल्या कितीतरी मुली खाजगी नर्सिंग कॉलेजात शिकतात. त्यांना दार बंदच. आणि जिथे दार उघडलंय तिथे तरी आत जायचा रस्ता कोण दाखवतो?

दार उघडं असणं आणि आत जागा मिळणं यातला फरक बडोद्याने दाखवलाय. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून संस्थानात मोफत ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं, १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्गही सुरू केला. त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले. आणि १९१७ मध्ये परत येऊन नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्याच बडोदे शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. महाराजांबद्दलची आमची कृतज्ञता यत्किंचितही कमी नाही. पण पुस्तक मोफत असलं म्हणजे समता आली असं समजू नका, एवढंच आम्हाला म्हणायचंय.

ग्रंथालयशास्त्र स्वतःही काही निर्मळ नाही. जगातलं पहिलं ग्रंथालयशास्त्राचं विद्यालय १८८७ साली कोलंबियातच मेल्विल ड्युईने काढलं, ज्याची दशांश पद्धत आजही कपाटांवर असते. याच ड्युईच्या क्लबात ज्यू आणि काळ्या लोकांना प्रवेश नव्हता. बायकांशी त्याची वागणूक वाईट होती. २०१९ मध्ये अमेरिकेच्या ग्रंथालय संघटनेने त्याचं नाव आपल्या पदकावरून काढून टाकलं. कुठली गोष्ट कुठल्या कप्प्यात टाकायची हे ठरवणाऱ्याच्या हातात सत्ता असते. वर्गीकरणाचं राजकारण आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, चातुर्वर्ण्य हेही वर्गीकरणच होतं. म्हणून या विषयात नुसतं बटण दाबणं शिकवून भागणार नाही. जातीच्या आरोग्यावर काय लिहिलं गेलंय ते शोधून बघा. एक लेख 'शेड्यूल्ड कास्ट' म्हणतो, दुसरा 'दलित', तिसरा 'मार्जिनलाइज्ड', चौथा नुसतंच 'सामाजिक-आर्थिक स्तर' म्हणून जात झाकून टाकतो. एकच शब्द टाकून शोधलंत तर निम्मं वास्तव दिसणार नाही, आणि ते अस्तित्वातच नाही असं वाटेल. हे दाखवणारा ग्रंथपाल आम्हाला वर्गात हवाय. सगळेच ग्रंथपाल असे असतील अशी आमची भाबडी समजूत नाही. काही जण आजही आपल्या पोरांना आडनाव बघून पुस्तक देतात. पण तो तास अभ्यासक्रमात असेल तर त्यात काय शिकवलं आणि काय टाळलं यावर भांडता तरी येईल.

आता आपल्याच लोकांचा आक्षेप, जो आम्हाला सगळ्यात जास्त लागतो. एका बैठकीत एक ज्येष्ठ कार्यकर्ते आम्हाला म्हणाले, "पोरांची शिष्यवृत्ती दोन-दोन वर्षं रखडते, रिक्त पदं भरली जात नाहीत, खाजगीकरणाने आरक्षण गिळलं, आणि तुम्ही लायब्ररीचे तास मागताय?" आम्ही त्यांच्यापुढे काही बोललो नाही, वयाचा मान म्हणून. इथे बोलतो. दादा, शिष्यवृत्तीसाठी आम्ही तुमच्याबरोबर रस्त्यावर होतो, पुढेही असू. पण प्रवेश मिळवून दिलेली पोरगी आत गेल्यावर कशी टिकते, हा चळवळीचा प्रश्न नाही का? बाबासाहेबांनी हिंदू कॉलनीत घर बांधलं ते पुस्तकांसाठी. १९१७ साली पुस्तकांनी भरलेलं त्यांचं सामान बोटीसकट बुडालं, तरी त्यांनी पुन्हा जमवली. पुस्तकं जमवण्याएवढंच त्यातून नेमकं काढता येण्याला त्यांच्या लेखी महत्त्व होतं. त्यांचा कुठलाही ग्रंथ उघडा, पुराव्याशिवाय पुढचं पाऊल पडलेलं दिसत नाही. आपण मात्र राजगृहाच्या पायऱ्यांवर फोटो काढतो, आणि अभ्यासिकेत पोरांना स्पर्धा परीक्षेच्या गाइडांचा ढीग आणून देतो. यात आम्हीही आलो. आमच्या अभ्यासिकेत नऊ वर्षांत एकदाही कुणी ग्रंथपाल बोलावला नव्हता.

एक धोका मात्र आम्हालाही दिसतो. श्रेयांकाचा विषय झाला की तो आणखी एक नापास होण्याचा पेपर होऊ शकतो. पिकोची व्याख्या लिहा, पाच गुण, असं. तसं होणार असेल तर न झालेला बरा. परीक्षा पाठांतराची नको, कामाची हवी. प्रत्येकीने आपल्या वॉर्डातला एक खरा प्रश्न घ्यावा, कुठे आणि कोणत्या शब्दांनी शोधलं, काय टाकून दिलं आणि का, याची वही ठेवावी, तीच तपासावी. मागे घेतलेला लेख ओळखता आला पाहिजे. मे २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनवर आलेला मोठा लेख दोन आठवड्यांच्या आत मागे घ्यावा लागला होता, कारण ज्या माहितीवर तो उभा होता ती तपासायला मिळेना. यंत्राने रचलेला खोटा संदर्भ पकडता आला पाहिजे. आणि शिकवणं मराठीतून समजावून व्हायला पाहिजे. लेख इंग्रजीतच असणार, ते वाचावेच लागतील, पण शोधायची युक्ती इंग्रजीतच सांगितली पाहिजे असा कुठे नियम आहे?

ग्रंथपालांच्या जागा किती ठिकाणी रिकाम्या आहेत, किती ठिकाणी शिपायाकडे किल्ली दिलेली आहे, ते तुम्हाला आपापल्या गावात दिसतंच. श्रेयांक आला तर जागा भरावी लागेल, हाही आमच्या मागणीतला एक हिशेब आहे. ग्रंथालयशास्त्र शिकून बेकार बसलेली आपली मुलं-मुली थोडीथोडकी नाहीत.

ती मुलगी? तिने असाइनमेंट पुन्हा लिहिली. सात संदर्भ, सगळे खरे, त्यातले दोन नागपूरचे. मॅडमनी यावेळी शेरा लिहिला नाही, फक्त बरोबरची खूण केली. पण आठवडाभराने तिच्या वर्गातल्या चार मुली अभ्यासिकेत आल्या. आम्ही ग्रंथपाल ताईंना विनंती केली, त्या दर दुसऱ्या रविवारी यायला लागल्या, मानधन नको म्हणाल्या, चहा मात्र दोनदा लागतो. आता अकरा जणी आणि फार्मसीचे तीन पोरं आहेत. दोन लॅपटॉप, एकाची बॅटरी गेलेली.

ऐच्छिक विषय म्हणून हे वीस तास कसे लावता येतील याचा कच्चा आराखडा ताईंनी आणि आम्ही मिळून केलाय. तो कॉलेजच्या प्राचार्यांना दिला, पोच घेतली. उत्तर अजून नाही. पुढच्या महिन्यात तोच आराखडा आरोग्य विज्ञान विद्यापीठाला नाशिकला पाठवतोय. तुमच्या जिल्ह्यातल्या नर्सिंग, फार्मसी, वैद्यकीय कॉलेजात ऐच्छिक विषय कोण शिकवतं आणि ग्रंथपालाला किती तास आहेत, ही माहिती अधिकारात मागा किंवा आत शिकणाऱ्या पोरींना विचारा, आणि आम्हाला कळवा. नाशिकच्या पत्राला आम्हाला ती जोडायची आहे.

जयभीम.